वकिलाच्या कचेरीचा विमा



वकिलाच्या कचेरीत विमा उतरविण्याजोगे काय असते, असा प्रश्न मला पूर्वी कोणी विचारला असता, तर टेबले, खुर्च्या, कपाटे आणि कायद्याची जाडजूड पुस्तके, एवढेच मी सांगितले असते. शाळेत मी जमाखर्च शिकविते. मालमत्तेची यादी करण्याची सवय हाताला जडलेली आहे. ही यादी किती अपुरी असते, ते खरे म्हणजे मला लहानपणीच कळायला हवे होते, कारण तो अनुभव आमच्याच घरात येऊन गेला होता.

1994 सालची गोष्ट. आमच्या वडिलांनी खानापूरच्या बाजूला एक जागा साठेखताने घेतली होती. पुढे विकणाऱ्याशी तंटा होऊन प्रकरण कोर्टात गेले. हप्त्याहप्त्याने दिलेल्या पैशांच्या पावत्या साध्या कागदावर लिहिलेल्या होत्या, आणि त्या मूळ पावत्या वकीलसाहेबांच्या कपाटात ठेवलेल्या होत्या. मे महिन्यात वळवाच्या वादळात त्यांच्या कचेरीची कौले उडाली आणि रात्रभर पाऊस आत पडत राहिला. सकाळी कपाट उघडले, तेव्हा आतील कागदांचा लगदा झालेला होता. वकीलसाहेब सज्जन गृहस्थ. त्यांनी कचेरीचा रीतसर विमा उतरविलेला होता, आणि विमा कंपनीनेही टाळाटाळ केली नाही. सर्व्हेअर येऊन पाहून गेला. दोन कपाटे, एक टंकलेखन यंत्र आणि भिजलेली पुस्तके यांचे पैसे त्यांना मिळाले. आमच्या पावत्यांचा मात्र त्या हिशेबात कोठे उल्लेखच नव्हता. त्या कागदांना बाजारात किंमत नव्हती, मग त्या यादीत कशा येणार? नोंदणी झालेला दस्त असता, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून त्याची नक्कल मिळाली असती. साध्या पावतीची नक्कल कोण देणार? वडिलांनी अखेर निम्म्या रकमेवर तडजोड केली. वकीलसाहेब त्यानंतर दोनदा आमच्या घरी आले, चहा न घेता बसून राहिले आणि निघून गेले, एवढे मला आठवते.

पुढे माझा धाकटा भाऊ वकील झाला. बेळगावात त्याने दोघा मित्रांबरोबर भागीदारीत कचेरी थाटली आहे. हाताखाली दोन कनिष्ठ वकील, एक कारकून आणि एक टंकलेखक. गेल्या वर्षी त्यांनी कचेरीचा विमा उतरविण्याचे ठरविले, तेव्हा तीन कंपन्यांची माहितीपत्रके माझ्यापुढे टाकून तो म्हणाला, “अक्का, आम्ही दुसऱ्यांचे करारनामे वाचतो, पण स्वतःचा वाचायचा कंटाळा येतो. तू जरा बघ.” त्यानिमित्ताने जे वाचले व समजले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. वकील नसलेल्या श्रोत्यांनीही हे ऐकावे असे मला वाटते. कारण आपण सारे कधी ना कधी कोणाचे तरी अशील होतोच.

विम्याचा एजंट प्रथम जी पॉलिसी पुढे करतो, ती बहुधा ‘ऑफिस पॅकेज’ या नावाची असते. आग, वादळ, पूर, घरफोडी, संगणकाची मोडतोड, तिजोरीतील रोकड, जिन्यावरून पाय घसरून अशील पडला तर द्यावी लागणारी भरपाई, असे अनेक विभाग तिच्यात एकत्र बांधलेले असतात. ही पॉलिसी वाईट नव्हे. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव, सांगली, कोल्हापूर या भागांत पुराने जे थैमान घातले, ते पाहिलेल्या माणसाला पुराच्या कलमाचे महत्त्व सांगावे लागत नाही. मात्र या भागाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छपरातून हळूहळू झिरपणारे पाणी, भिंतीची ओल आणि वाळवी यांचे नुकसान अशा पॉलिसीत सहसा मिळत नाही, आणि आमच्याकडच्या जुन्या कचेऱ्यांतील दप्तरांचे खरे शत्रू तर हेच आहेत. दुसरी गोष्ट विम्याच्या रकमेची. दहा लाखांच्या सामानाचा विमा हप्ता वाचविण्यासाठी पाच लाखांनाच उतरविला आणि चार लाखांचे नुकसान झाले, तर चार लाख मिळतील अशी पुष्कळांची समजूत असते. मिळतात दोन लाख. निम्म्या मालाचा विमा तुम्ही स्वतःच उतरविला होता, असे कंपनी मानते. 1 एप्रिल 2021 पासून एका ठिकाणी पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असणाऱ्या लहान व्यवसायांसाठी जी प्रमाण पॉलिसी लागू झाली, तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट मनावर घेत नाहीत. पण निम्म्याची तूट कोणीही पोटात घालणार नाही. तेव्हा सामानाची किंमत खरी लिहावी आणि पुढे जावे. जागा भाड्याची असेल, तर इमारतीचा हप्ता घरमालकाने भरावयाचा की भाडेकरूने, हेही भाडेकरारात पाहून घ्यावे. या विभागात याहून अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

कागदांचे काय, हा प्रश्न मी त्या एजंटाला विचारला. तो म्हणाला, “बाई, कागदही धरलेले आहेत.” धरलेले होते; परंतु कसे? कोऱ्या कागदाची किंमत आणि त्यावर पुन्हा मजकूर उतरवून काढण्याची मजुरी, तीही एका लहानशा मर्यादेपर्यंत. कागदावर जे लिहिले होते, त्याचे मोल या हिशेबात येत नाही. बेळगावच्या वकिलाला हे विशेष जाणवावे. 1956 पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता. जुन्या घराण्यांच्या वाटण्या, मोडीतली खतपत्रे, मराठीतील उतारे अजूनही दाव्यांच्या फाइलींत येतात, आणि त्यांतील कित्येकांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. शिवाय हे कागद वकिलाच्या मालकीचेही नव्हेत. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट सांगितले. म्हणजे वकिलाच्या कचेरीतील सर्वांत मौल्यवान वस्तू परक्याची असते, आणि नेमकी तीच ऑफिस पॅकेजमध्ये जवळजवळ बिनविम्याची राहते.

इथून खरा विषय सुरू होतो. वकिलासाठी ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ या नावाची एक वेगळी पॉलिसी असते. तिला व्यावसायिक दायित्वाचा विमा म्हणता येईल. आपल्या हातून झालेल्या चुकीमुळे अशिलाचे नुकसान झाले आणि त्याने भरपाई मागितली, तर ती भरपाई आणि आपल्या बचावाचा कोर्टखर्च ही पॉलिसी देते. कागदपत्रे हरवणे किंवा नष्ट होणे हा प्रकारही तिच्यात जोडून घेता येतो, आणि तो अवश्य जोडून घ्यावा. डॉक्टर, हिशेबनीस, स्थापत्यविशारद यांच्यासाठी अशा पॉलिसी असतात, तशीच वकिलांसाठीही असते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना असा विमा सक्तीचा आहे. आपल्याकडे तो ऐच्छिक आहे, आणि जे ऐच्छिक असते ते आपण सहसा पुढच्या वर्षावर ढकलतो.

याबाबत भावाच्या एका भागीदाराने मोठ्या उत्साहाने एक मुद्दा मांडला. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही. “मग आता अशील आमच्यावर कोठे जाणार? विमा हवाच कशाला?” हा युक्तिवाद मी नंतर इतरही वकिलांच्या तोंडून ऐकला. तो अर्धाच खरा आहे. ग्राहक मंचाचा दरवाजा बंद झाला; दिवाणी न्यायालयाचा उघडाच आहे. 1926 सालच्या वकील-फीसंबंधीच्या कायद्यात असे कलम आहे की, केवळ वकील आहे एवढ्या कारणाने, कामातील हयगयीमुळे झालेल्या नुकसानीच्या दाव्यातून कोणालाही सूट मिळणार नाही. कायद्याचा हा मुद्दा वकिलांना एका शिक्षिकेने दाखवावा, याची त्या भागीदारांना गंमत वाटली. पण त्यांनी तो तपासून पाहिला आणि मग विमा हवाच कशाला, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

चूक म्हणजे काही भलतेसलते कारस्थान नव्हे. वकिलाच्या धंद्यात सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे दिनदर्शिका. उसनवार दिलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. अपिलाला उशीर झाला, तर 1963 च्या मुदतीच्या कायद्यातील पाचव्या कलमाखाली कारण दाखवून माफी मागता येते. परंतु मूळ दाव्याला हे कलम लागूच नाही. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, तर कोर्ट उघडण्याच्या दिवशी दावा लावता येतो, एवढी सवलत कायदा देतो; त्यानंतरचा एक दिवसही चालत नाही. समोरच्या पक्षाने मुदतीची हरकत घेतली नाही, तरी न्यायालयाने तो दावा फेटाळलाच पाहिजे. कारकुनाने नोंदवहीत 12 तारखेऐवजी 21 लिहिली, एवढ्यावर एखाद्या दुकानदाराचे बारा लाख रुपये बुडू शकतात. वकिलाला त्या कामाची फी किती मिळाली असेल? पंधरा-वीस हजार. फी आणि जोखीम यांत असे अंतर असते, आणि म्हणूनच विम्याची रक्कम आपल्या उत्पन्नावरून ठरविणे चुकीचे आहे. भावाला मी सांगितले, “चालू फाइलींपैकी सर्वांत मोठ्या दहा काढ, आणि प्रत्येकीत अशिलाचे किती पणाला लागले आहे, ते एका कागदावर लिही.” तो आकडा पाहून तिघेही भागीदार काही वेळ बोलले नाहीत. विम्याच्या रकमेची चर्चा त्यानंतर गंभीरपणे झाली.

बँकांच्या वतीने जमिनीच्या मालकीचा तपास करून अहवाल देणाऱ्या वकिलांनी तर हा हिशेब आधी करावा. असा अहवाल चुकला म्हणून वकिलाला कटातील आरोपी करता येत नाही. त्यासाठी त्याच्या सहभागाचा पुरावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली म्हटले आहे. पण गुन्हा नाही म्हणजे जबाबदारीच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. तीस वर्षांच्या नोंदी तपासताना एक बोजा नजरेतून सुटला, तर बँकेचे कर्ज अधांतरी राहते, आणि ती रक्कम लाखांत असते.

आता त्या पॉलिसीतील काही शब्द. मी ते तीन-तीनदा वाचले, तेव्हा कोठे कळले.

पहिला शब्द मर्यादेचा. आमच्यापुढे आलेल्या तीन पत्रकांपैकी सर्वांत स्वस्त होते त्यावर ठळक अक्षरांत ‘चाळीस लाख’ असे छापले होते. खाली बारीक अक्षरांत एक गुणोत्तर होते: एकास चार. त्याचा अर्थ असा की, वर्षभरात मिळून चाळीस लाख. परंतु कोणत्याही एका प्रकरणात दहा लाखांहून अधिक नाही. वकिलाला वर्षात चार लहान अपघात होण्यापेक्षा दहा वर्षांत एखादा मोठा अपघात होण्याचा संभव अधिक. तेव्हा त्याने एकास एक हे गुणोत्तर मागावे; हप्ता थोडा वाढला तरी हरकत नाही. बचावाचा खर्चही बहुधा याच मर्यादेतून जातो आणि प्रत्येक प्रकरणातील सुरुवातीची काही रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते, हेही आधीच विचारून घ्यावे.

दुसरा शब्द याहून महत्त्वाचा, आणि येथे आगीच्या विम्याची सवय असलेला माणूस हमखास फसतो. आग ज्या वर्षी लागली, त्या वर्षाची पॉलिसी पैसे देते. दायित्वाच्या पॉलिसीत तसे नसते. चूक कधी झाली यापेक्षा भरपाईची मागणी कधी आली, हे तेथे पाहतात. मागणी येईल त्या दिवशी पॉलिसी चालू असली पाहिजे. शिवाय चूक ही पॉलिसीत लिहिलेल्या एका ठराविक मागील तारखेच्या अलीकडची असली पाहिजे. समजा, 2021 साली चूक झाली, 2024 साली प्रथम विमा उतरविला आणि 2025 साली नोटीस आली. मागील तारीख 2024 चीच लिहिलेली असेल, तर एक पैसाही मिळणार नाही. दरवर्षी नूतनीकरण न चुकविता केले, तर ती मागील तारीख कायम राहते. एकदा खंड पडला, की कंपनी नवी तारीख घालते आणि आधीची सारी वर्षे उघडी पडतात. स्वस्त हप्त्यासाठी कंपनी बदलणाऱ्याने नव्या कंपनीकडून जुनी तारीख लेखी मान्य करून घ्यावी. आणि वकिली सोडणाऱ्या किंवा निवृत्त होणाऱ्या भागीदाराचे काय? त्याच्या कामातील चूक त्याच्यानंतर तीन वर्षांनी उघडकीस येऊ शकते. इंग्लंडमध्ये फर्म बंद झाल्यावरही सहा वर्षे विम्याचे छत्र चालते. आपल्याकडे ते स्वतः मागून, पैसे भरून घ्यावे लागते. पूर्वी आमच्या पावत्या सांभाळणारे ते वकीलसाहेब निवृत्त झाले, तेव्हा त्यांना हे कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही.

भागीदारीविषयीही सांगितले पाहिजे. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या कामाबद्दल प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. म्हणजे एकाने तारीख चुकविली, तर तिसऱ्याच्या घरावर जप्ती येऊ शकते. म्हणून पॉलिसी एकाच्या नावाने न घेता फर्मच्या नावाने घ्यावी, सर्व भागीदार आणि हाताखालचे कनिष्ठ वकील यांची नावे तिच्यात यावीत. अप्रामाणिकपणाने केलेले कृत्य कोणतीच कंपनी भरून देत नाही. परंतु एका भागीदाराने लबाडी केली, तर निर्दोष असलेल्या इतरांचे संरक्षण कायम राहील, असे कलम मागता येते. भावाच्या दोन्ही मित्रांना हे कलम मागणे संकोचाचे वाटत होते. “आम्ही शाळेपासूनचे मित्र,” असे ते म्हणत. मी म्हटले, मित्र आहात म्हणूनच आज मागता येईल.

कारकुनाच्या हाती कोर्ट फीची, मुद्रांकाची रक्कम असते. त्यासाठी नोकराच्या इमानदारीचा वेगळा विमा असतो आणि तो स्वस्त पडतो. कारकुनाचा अपमान होईल या भीतीने तो टाळू नये. नोकराला कामावर इजा झाली तर द्यावयाच्या भरपाईचा विमाही असावा.

संगणकाची गोष्ट थोडी निराळी. आम्हा ख्रिस्ती लोकांत पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या मौनाला जे स्थान आहे, त्याच्या जवळचे स्थान कायद्याने वकिलाच्या मौनाला दिलेले आहे. पूर्वीच्या पुराव्याच्या कायद्यातील ते कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आले आहे. पण ती सारी हकीकत हल्ली संगणकात असते, आणि चोराला कपाट फोडावे लागत नाही. दायित्वाच्या पॉलिसीत अनवधानाने झालेला गोपनीयतेचा भंग धरलेला आहे का, ते पाहावे. नसेल, तर संगणकीय चोरीची वेगळी पॉलिसी घ्यावी. सरकारी दंड मात्र बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो.

हे सारे ठरले, एक कंपनी निवडली आणि अर्ज भरण्याची वेळ आली. अर्जाच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न होता: ज्यातून पुढे भरपाईची मागणी उद्भवू शकेल, अशी कोणतीही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे काय? एजंट सहजपणे म्हणाला, “तिथे सगळे ‘नाही’ लिहितात.” भावाने पेन उचलले आणि खाली ठेवले. पुढे जे सांगते ते त्याच्या संमतीनेच सांगते. धारवाडच्या खंडपीठात करावयाच्या एका अपिलाची नव्वद दिवसांची मुदत टळून अकरा दिवस झाले होते. निकालाची नक्कल टेबलाच्या खणात राहून गेली होती. अशिलाला ते ठाऊक नव्हते, आणि भागीदारांनाही नव्हते.

विम्याचा करार परम विश्वासाचा मानलेला आहे. ठाऊक असलेली गोष्ट लपविली, तर पुढे सारी पॉलिसीच रद्द ठरू शकते. हे मी त्याला सांगितले खरे, पण सांगण्याची गरज नव्हती. त्याने ‘होय’ लिहिले आणि अशिलाचे नाव न देता प्रकरणाचे स्वरूप चार ओळींत लिहिले. कंपनीने पॉलिसी दिली. त्या एका प्रकरणाची जोखीम मात्र तिच्यातून वगळली. म्हणजे त्याचे जे होईल ते या तिघांच्या खिशातून.

त्याच संध्याकाळी भावाने त्या अशिलाला बोलावून घेतले. वयस्कर गृहस्थ, आमच्या वडिलांच्या वयाचे. सारे ऐकून ते पुष्कळ वेळ गप्प राहिले, आणि मग आता काय करावयाचे, एवढेच त्यांनी विचारले. उशीर माफ करण्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी तयार झाला. चूक कोणाची, हे भावाने आपल्या प्रतिज्ञापत्रात स्वच्छ लिहिले आहे. अर्ज धारवाडला दाखल आहे आणि सुनावणीची तारीख पडली आहे.